तपकिरी तार

आमच्या घरात गेली तीन वर्षं ९४ हा आकडा मुक्कामाला होता. भाडं वाढवून देत नाही आणि खोलीही सोडत नाही, अशा पागडीवाल्या भाडेकरूसारखा. इंटरनेटचा प्लॅन ३०० चा, पैसे ३०० चे, पण वेग मोजायला बसलं की काटा थरथरत वर चढे, नव्वदीत शिरे आणि ९४ वर बूड टेकून बसे. सकाळी ९४, मध्यरात्री ९४, गणपतीत ९४, पावसात ९४.

अगदी सुरुवातीला वायफायवर वेग धड टिकत नव्हता, तेव्हा केबलवाल्याच्या पोराला बोलावलं. हा पोरगा गच्चीच्या कठड्यावरून अशा बेफिकिरीने चालतो की त्याला काही विचारायचीच भीती वाटते. तो म्हणाला, "काका, वायफायमुळे होतं." म्हणून आम्ही वायर आणली. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत, दाराच्या चौकटीवरून, देव्हाऱ्याच्या मागून, मी स्वतः स्टुलावर चढून खिळे ठोकले. वायरीवर आला तो हा ९४. पोरगा म्हणाला, "मग पुढून येत असेल, काका." पुढून म्हणजे कुठून हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या अडचणीचं मूळ आपल्या घराबाहेर आहे म्हटलं की बरं वाटतं, आणि चहाही गोड लागतो.

खरं तर मला त्या ९४ चं दुःखही नव्हतं. घर घोडपदेवात, स्टेशन रे रोड. हार्बरवर वाढलेल्या माणसाला वेगाची हाव नसते. मेन लाइनवाल्यांना फास्ट की स्लो असा पर्याय असतो, म्हणून त्यांना घाई असते. आमच्याकडे येईल ती गाडी स्लो, आणि ती प्रत्येक स्टेशनाला थांबणार. डिसेंबर १९१० मध्ये कुर्ल्याहून हार्बरची लाइन निघाली ती रे रोडला येऊन थांबली. पुढे व्हीटी अवघं अडीच-तीन मैलांवर, पण मधे दाट वस्ती. तिच्या डोक्यावरून रूळ न्यावे लागले, आणि गाडी व्हीटीला पोचेपर्यंत १९२५ साल उजाडलं. त्या वर्षी ३ फेब्रुवारीला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, आणि आमच्या स्टेशनाचं 'शेवटचं स्टेशन' हे पद गेलं. म्हणजे तब्बल चौदा-पंधरा वर्षं सगळा प्रवास रुळावरून झकास व्हायचा आणि शेवटच्या टप्प्याला माणूस सामान घेऊन रस्त्यावर. ही गोष्ट मी लोकांना कौतुकाने सांगत असे. माझ्या घरातही अगदी हेच चाललं आहे, हे मात्र डोक्यात आलं नाही.

ते आणलं कन्येने. ती घरून चित्रफितींचं संकलन करते. राउटरशेजारी एक कोनाडा आहे, तिथे पूर्वी आईची शिवणाची पेटी असायची. आता तिथे हार्ड डिस्कांचा एक डबा असतो आणि रात्रभर घुमतो. कामाच्या फाइली कॉम्प्युटरवरून त्या डब्यात जातात, म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. बाहेरच्या जगाशी, केबलवाल्याशी, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबलींशी त्याचा काहीएक संबंध नाही. तरीही १०० जीबीची फाइल त्या पंधरा पावलांच्या अंतराला सव्वादोन तासांहून जास्त घेत होती.

"बाबा, सेकंदाला बारा एमबी जातायत फक्त."

"मग ९४ कुठे गेले?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग समजावलं की कंपन्या वेग सांगतात तो बिटांत आणि फाइलीचं वजन असतं ते बाइटांत, आणि आठ बिटांचा एक बाइट. ९४ ला आठाने भागा, बाराच्या जवळ येतं. म्हणजे दुकानाच्या पाटीवर भाव पावशेराचा आणि आपण समजायचं दोन किलोचा. वर ही फसवणूकही नाही. ही पद्धत आहे.

"आणि ९४ च का? ९० का नाही, ९७ का नाही?"

याचं उत्तर अण्णांनी दिलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं, कारण ते बारदानाचं आहे. वायरीतून माहिती सुटी जात नाही, पुडक्यांत जाते. एका पुडक्यात जास्तीत जास्त १५०० बाइट. त्यातही पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक, शेवटी माल नीट पोचला का ते तपासायची बेरीज, आणि दोन पुडक्यांत थोडी मोकळी जागा. शंभरातून हे बारदान वजा केलं की निव्वळ माल उरतो तो ९४-९५. म्हणजे ९४ हा वेग कमी झाल्याचा आकडा नव्हताच. शंभराची वाट पूर्ण भरून वाहत असल्याचा होता. "कुठेतरी शंभराचा दरवाजा आहे," कन्या म्हणाली, "आणि तो आपल्याच घरात आहे."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८. लालबागच्या एका गिरणीत डबलिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्याचं पुढे काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. नंतरची अठरा वर्षं त्यांनी दारूखान्यातल्या एका गोदामावर राखणदारी केली. खात्यातल्या गोंगाटाने कान लवकर गेले, पण ओठ वाचायची सवय तिथलीच, त्यामुळे आमच्या घरात कुणालाही कुजबुजून काही लपवता येत नाही. त्या दिवशी ते पलंगावरून आमच्या दोघांचे ओठ वाचत होते. कन्येचं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "धागो खंय तुटलो?"

मी म्हटलं, अण्णा, तुटला असता तर काहीच चाललं नसतं. वायर तुटली की बंद. सोपं आहे.

सोपं नव्हतं. केबलवाल्याच्या पोराकडून कन्येने एक छोटी डबी मागून आणली. वायरीच्या दोन टोकांना तिचे दोन तुकडे लावायचे आणि एकापासून आठपर्यंतचे दिवे ओळीने लागतात का ते पाहायचं. आम्ही सगळे जमलो. एक लागला, दोन, तीन, आमच्या हिने मोजायला सुरुवात केली, सहा, सात. आठवा लागला नाही. पुन्हा एक. पुन्हा सात. आठवा अंधारात. देवळातल्या दीपमाळेत एक पणती विझलेली असावी तसा.

आठवी तार तपकिरी.

तर मंडळी, आपण ज्याला एक वायर म्हणतो तिच्या पोटात आठ तारा असतात. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार, आणि प्रत्येकीला तिच्याच रंगाचा पट्टा असलेली एक पांढरी जोडीदार. अशा चार जोड्या. शंभराच्या वेगाला यातल्या दोनच जोड्या पुरतात, एक जायला आणि एक यायला. म्हणजे अगदी आमची हार्बर: एक अप, एक डाउन, विषय संपला. निळी आणि तपकिरी या दोन जोड्या नुसत्या सोबतीला चाललेल्या असतात. हजाराचा वेग, ज्याला गिगाबिट म्हणतात, त्याला मात्र चारही जोड्या लागतात. मेन लाइनसारखे चार मार्ग. त्यातला एक बंद पडला की तिथे 'उरलेल्या तिनांवर पाऊणपट भागवू' असा समंजस हिशेब नसतो. गाडी थेट हार्बरवर.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे हे सगळं गुपचूप होतं. वायर जोडली की दोन्ही टोकांची यंत्रं आधी बैठक घेतात, लग्नाची असावी तशी. आमच्याकडून एवढं जमेल, तुमच्याकडून किती? दोघांना झेपेल तो सगळ्यात मोठा आकडा ठरतो. ही बोलणी ज्या जोड्यांवरून चालतात त्या नारिंगी आणि हिरव्या, त्या आमच्याकडे धडधाकट. तेव्हा हजार ठरायचे. प्रत्यक्ष कामाला लागल्यावर तपकिरीकडून काही येईना. मग दोघं यंत्रं बाहेर ब्र न काढता शंभरावर तडजोड करायची. ना भोंगा, ना सूचना. फक्त जॅकजवळचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी लागायचा, आणि तो मी तीन वर्षं शुभ समजत होतो.

मला त्या यंत्रांचा रागही येईना. तुटलं तरी चालवून घ्यायचं, वाच्यता करायची नाही, पगारवाढ मागायची नाही. अशी तीस वर्षं मी स्वतः एका ऑफिसात काढली आहेत.

या सगळ्याला नाव आहे ईथरनेट. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की प्रकाशाला वाहून न्यायला विश्वात सगळीकडे ईथर नावाचं काहीतरी भरलेलं आहे. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली या दोघांनी ते शोधायचा कसून प्रयत्न केला आणि त्यांना ते सापडलं नाही. पुढे ईथर पुस्तकांतून हद्दपार झाला. मग २२ मे १९७३ ला कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात बॉब मेटकाफ यांनी एका टिपणात, सगळी यंत्रं एकाच सामाईक तारेला जोडायची कल्पना मांडली आणि त्या तारेला हे बेवारस नाव देऊन टाकलं. वेग ठरला सेकंदाला तीन मेगाबिटांना थोडा कमी. ती तार म्हणजे चाळीचा सामाईक नळ होता. बोलायच्या आधी ऐका, कुणी बोलत नसेल तर बोला. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबा. आणि, यातच सगळी गंमत आहे, दोघांनी आपापल्या मनाने वेगवेगळा वेळ थांबा. सारखाच वेळ थांबलात तर पुन्हा एकदम बोलाल. 'आधी तुम्ही', 'नाही, आधी तुम्ही' करत दोन सभ्य माणसं दारात अडकतात तसं. आमच्या जुन्या चाळीत नळावर ही पद्धत कुणी टिपण न लिहिता चालवत होतं. फरक एवढाच की तिथे दोघी एकदम बोलल्या तर दोघीही थांबत नसत.

आणि मला अलीकडे कळलं की गिगाबिटच्या वायरीत नेमकं तेच करतात. चारही जोड्यांवरून दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात. अप-डाउन वेगळे मार्गच नाहीत. रेल्वेत हे केलं तर काय होईल ते सांगायला नको. इथे प्रत्येक टोक आपण काय बोललो ते लक्षात ठेवतं आणि जे कानावर पडतं त्यातून आपलं बोलणं वजा करतं. उरतं ते समोरच्याचं. १९९९ मध्ये साध्या तांब्याच्या तारेवर हे जमवलं तेव्हा इंजिनिअरांना मोठं यश मिळाल्यासारखं वाटलं असेल. त्यांनी घोडपदेवच्या नळावर येऊन दोन दिवस काढले असते तर लवकर सुटले असते. आमच्याकडची बाई भांडताना एकही शब्द न थांबता समोरचीचा एकूण एक शब्द टिपून घ्यायची आणि दुपारी तो हावभावांसकट सांगायची.

असो. तपकिरी तार का तुटली, हा प्रश्न उरलाच होता. मी ती कुठे पिळवटली नव्हती, खिळा आरपार मारला नव्हता. वायर फक्त दाराच्या कडेने वळत होती आणि दार दिवसातून वीसेक वेळा उघडझाप होत होतं. तांबं एवढ्याने तुटत नाही. अण्णा म्हणाले, तुकडा घेऊन दारूखान्यात जा.

दारूखाना म्हटल्यावर बाहेरच्या माणसाचा गैरसमज होतो. ही दारू बंदुकीची. स्टेशनाच्या पूर्वेला, बंदराच्या जमिनीवर, आता तिथे तुटलेल्या जहाजांचं सगळं काही मिळतं: साखळदंड, पंखे, गोल खिडक्या, शिडाचं कापड, कप्तानाचं टेबल. १९७१ च्या युद्धात नाव कमावलेली विक्रांत ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये इथेच तोडायला काढली. तेव्हा अण्णा चपला घालून बघायला गेले होते. परत आल्यावर जेवले नाहीत, एवढंच आठवतं.

जाताना नवा पूल लागतो. रुळांवरच्या जुन्या ब्रिटिशकालीन पुलाऐवजी २०२५ च्या मे महिन्यात केबलींनी तोललेला पूल सुरू झाला. खालून बघितलं की आकाशात सतारीच्या तारा ताणल्यासारख्या दिसतात. त्या दिवशी मला त्या मोजाव्याशा वाटल्या. एखादी तपकिरी निघाली तर काय, या विचाराने मोजल्या नाहीत.

अण्णांच्या ओळखीचा भंगारवाला आता नाही, त्याचा मुलगा बसतो. मी तुकडा पुढे केला. त्याने तो हातात झेलून वजन पाहिलं, ब्लेडने एक तार सोलली, तिच्यावरून नखासारखं पातं फिरवलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. वरची लाली खरवडून गेली होती आणि आत चांदीसारखं पांढरं चमकत होतं.

"साब, ये तांबा नहीं है. तांबे का कपडा पहना है."

आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. स्वस्त वायरींत सर्रास असतं. अॅल्युमिनियमची तार तांब्यापेक्षा हलकी असते, विजेला जास्त अडवते आणि वारंवार वाकवली की मोडते. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तार तुटलेली. भंगारवाल्याचा मुलगा दहा सेकंदांत जे सांगू शकला ते वायर विकत घेताना मला कुणी सांगितलं नाही, आणि दारात एवढा मोठा तांब्याचा बाजार असून मीही विचारायला आलो नाही. सोनं घेताना आपण चार सोनार फिरतो. वायर घेताना रंग पाहतो.

येताना पुलावर थांबलो. या किनाऱ्याला तारांची ओळख फार जुनी. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं अवाढव्य जहाज मुंबईत आलं आणि इथून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकत गेलं. त्याच वर्षी मुंबई लंडनशी पाण्याखालून जोडली गेली. हजारो मैल तार टाकणाऱ्या त्या जहाजाचा शेवट पुढे भंगारातच झाला, पण इकडे नव्हे, तिकडे मर्सी नदीच्या काठी. आमच्या दारूखान्याचं तेवढं गिऱ्हाईक हुकलं. सव्वाशे वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ९.६ किलोबिट असा वेग मिळे. आज फोनवर काढलेला पाच एमबीचा एक फोटो त्या वेगाने पाठवायला ७० मिनिटं लागली असती. आमच्या ९४ ला तेवढ्याच फोटोसाठी अर्धा सेकंदही लागत नाही. हे मी कन्येला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पूर्वी पायी शाळेत जायचात तेही सांगून टाका आजच."

रविवारी दुकानं बंद, म्हणून सोमवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. रे साहेब १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर, लॅमिंग्टन साहेब १९०३ ते १९०७. मी एका गव्हर्नरच्या रस्त्यावरून निघून दुसऱ्याच्या रस्त्यावर खरेदीला गेलो. दोन्ही रस्त्यांची नावं कधीच बदलली आहेत, एक बॅरिस्टर नाथ पै मार्ग आणि दुसरा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदाराला फोनवर पत्ता सांगताना दोघेही साहेब आडवे येतात. रे साहेबांबद्दल मला थोडी आपुलकी आहे. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८७ मध्ये, भायखळ्याला व्हीजेटीआय निघाली आणि गिरण्यांना इथे शिकलेले तंत्रज्ञ मिळू लागले. ईथर सापडत नाही हे कळलं तेही त्याच साली. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. मला जोडावासा वाटतो, एवढंच.

दुकानदाराने विचारलं, "कॅट फाइव्ह ई की कॅट सिक्स?" हिने घरी बजावून पाठवलं होतं की मांजर नको, दूध कोण आणणार. कॅट म्हणजे कॅटेगरी, वायरीची इयत्ता. गिगाबिटला पाचवी ई पुरते. सहावीत पीळ घट्ट, जोड्यांत अंतर नीट, म्हणून पुढे वेग वाढवायचा तर तीच भिंतीत असलेली बरी. मी सहावी घेतली. "शुद्ध तांबं?" मी विचारलं आणि खिशातून पेनकटर काढलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने स्वतःच एक टोक सोलून दिलं. आतपर्यंत लाल.

पहिली वायर तयार आणली होती. ही टोकं मात्र मी घरी बसून जोडली. ज्याला हे काम सोपं वाटतं त्याने एकदा करून पाहावं. आठ केसाएवढ्या तारा सरळ करायच्या, ठरलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी लावायच्या आणि ती रांग न मोडता एका पारदर्शक डबीत सारायची. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, मग हिरवा यायला हवा ना? नाही येत. मधेच निळा, पांढरा-निळा, आणि मग हिरवा. पुढे तपकिरी जोडपं. हिरव्या नवरा-बायकोच्या मध्ये निळं जोडपं फतकल मारून बसलेलं, गाडीत चौथी सीट मागायला येऊन खिडकी पटकावल्यासारखं. याला कारण टेलिफोन. जुन्या टेलिफोनच्या जॅकमध्ये मधल्या दोन जागा बोलायच्या तारेच्या. त्या मानाच्या जागा तशाच ठेवल्या आणि मागून आलेल्यांनी दोन बाजूंना जमवून घेतलं. टेलिफोन घरांतून गेला, त्याची मधली जागा अजून कुणी उठवत नाही. चार डब्या मी फुकट घालवल्या. पाचवीत दोन तारांची अदलाबदल झाली. सहावी कन्येने माझ्या हातातून काढून घेतली.

मी सोललेल्या तुकड्यांचा ढीग अण्णांच्या पलंगावर पडला होता. त्यांची नजर आता अधू आहे, पण बोटं आहेत. त्यांनी एक तुकडा उचलला, वरचं आवरण काढलं आणि जोडी बोटांत धरून फिरवली.

"ह्येका पीळ कोणी दिल्यान?"

पीळ कशाला, ते मी ऐटीत सांगायला बसलो. बाहेरच्या विजेचा, पंख्याचा, शेजारच्या तारेचा खरखराट दोन्ही तारांवर पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा वाचतं, म्हणून दोघींवर सारखाच पडलेला कचरा आपोआप गळतो. पण तो सारखा पडायचा तर दोघींनी आळीपाळीने जागा बदलायला हवी. मी आणि माझा भाऊ एका सतरंजीवर झोपायचो तेव्हा दाराकडच्याला डास चावायचे, म्हणून आई एक दिवस त्याला, एक दिवस मला दाराकडे टाकायची. तो पीळच. १८८१ मध्ये ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनसाठी हे पेटंट घेतलं.

अण्णांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग दुसरी जोडी बोटांत फिरवली, तिसरी, चौथी. चेहरा बदलला. पुन्हा पहिली हातात घेतली, अंगठ्याने इंचभर मापून नख लावलं.

"चार जोड्ये आणि चारांचो पीळ येगळो. जॉबर झोपललो काय?"

मी तुकडा घेऊन उजेडात धरला. खरंच. एक जोडी घट्ट, एक ढिली, दोन मधल्या. हे मला ठाऊक नव्हतं. कन्येने पाहून सांगितलं, की ते मुद्दाम असतं. चारही जोड्यांना सारखा पीळ दिला तर शेजारी-शेजारी जाताना त्या पावलाला पाऊल लावून चालतात आणि एकीचं बोलणं दुसरीत उतरतं. पीळ वेगवेगळा असला की जमत नाही. अण्णांना हे पटलं की नाही कळलं नाही. दुपदरी सुताला इंचाला किती पीळ द्यायचा यावर त्यांचं आयुष्य गेलं. तिथे एका चातीचा पीळ इकडचा तिकडे झाला तर माल परत येत असे. इथे चार तऱ्हेचे पीळ एका वेष्टनात घालून वर दाम घेतात. "आमका असा चालला नसता," ते म्हणाले आणि तुकडा उशीखाली ठेवला.

वायर लावली. दिवा हिरवा लागला. वेग मोजला, ३०० च्या आसपास. इंटरनेट तीनशेचंच आहे, त्याहून जास्त कुठून येणार. पण कॉम्प्युटरपासून डब्यापर्यंत, त्या पंधरा पावलांच्या टप्प्यात, १०० जीबी पाव तासात गेले. हिने चहा टाकला होता, तो उकळून खाली उतरवेपर्यंत मी काटाच बघत होतो. कन्येने एकदा पाहिलं, "बरं झालं" म्हणाली आणि सांगितलं की २०१६ पासून याच वायरीवर अडीच हजाराचाही वेग मिळतो, फक्त दोन्ही टोकांची यंत्रं बदलावी लागतात. मी ऐकलं नाहीसं केलं. ओठ वाचणारे अण्णा हसले.

जुनी वायर मी काढून गुंडाळून ठेवली होती, भंगारात द्यायला. भंगारवाल्याचा मुलगा तिचा तांब्याचा भाव देणार नव्हता हे उघडच होतं. आठवड्याने पाहतो तर हिने ती गॅलरीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत आडवी बांधली आहे. आता तिच्यावर अण्णांचं धोतर, दोन टॉवेल आणि माझे हाफ शर्ट वाळतात. हार्बरची गाडी गेली की सगळं थोडं हलतं. गडद निळी, बारीक, जराही न गंजणारी. आठ तारांपैकी एक तुटलेली, पण एवढ्या कामाला सात पुष्कळ होतात.